किती देवाचे तुम्ही?

पाय धुवायला मला कुणी पाणी आणून देत नव्हतं, आणि तीच माझी तोवरची सगळ्यात मोठी कमाई होती.

ज्या घरात मी राहायचो तिथं अंगणाच्या कडेला, रांजणाशेजारी, एक चपटा दगड आहे. घरची माणसं कामावरून आली की त्या दगडावर उभी राहतात, रांजणातून आपल्या हातानं पाणी घेतात, पाय धुतात आणि आत जातात. पाहुणा आला तर त्याला अंगणातच थांबवतात. घरातली बाई लोटा भरून आणते आणि त्याच्या हातात देते. गोंडपिपरीच्या पुढं, जंगलातल्या त्या टोल्यावर, म्हणजे दहा-बारा घरांच्या वाडीवर, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही लोटाच मिळाला होता.

मी रोड रोलर चालवतो. मूळचा नगरकडचा. आठवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. शाळेनं मला किंवा मी शाळेला फारसं धरून ठेवलं नाही. शाळेत माझं आडनाव अडचणीचं होतं. इंग्रजी आडनाव. हजेरी घेताना गुरुजी तिथं जरा अडखळायचे, मागच्या बाकावरची पोरं म्हणायची, "साहेब आले, साहेब!" आणि साहेबाच्या चड्डीला मागून ठिगळ. माझे पणजोबा दुष्काळात पोरके झाले आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढले. विलायतेतली कुणी बाई त्यांच्या खाण्यापिण्याचं बघायची, तिचं आडनाव त्यांना लागलं. तिनं पणजोबांना कधी पाहिलं नाही, त्यांनी तिला नाही.

विलायतेत म्हणे ते आडनाव इतकं साधं आहे, की रस्त्यात हाक मारली तर चार जण मागं वळून बघतील. हातात मोबाइल आला तसा मला नाद लागला. माझ्या आडनावाची मोठी माणसं शोधायची. रोलर चालवणाऱ्याचं डोकं दिवसभर रिकामं असतं. पुढं जायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसलो की शोधायचो. एक पंतप्रधान सापडला. समुद्राचे नकाशे काढणारा एक कप्तान, एक मुष्टियोद्धा, एक नटी, नुसती फुलांचीच चित्रं काढणारी एक बाई. फासावर गेलेला एक दरोडेखोरही निघाला. त्यालाही मी सोडला नाही. मुक्काम बदलला, नवीन गावात धास्ती वाटायला लागली, की ही सगळी माणसं मनात एकामागून एक उभी करायचो. आपण अगदीच एकटे नाही असं वाटायचं. थोडा वेळ वाटायचं, मग परत छातीत धडधड.

माझा स्वभावच तसा आहे. चहा जास्त दिला तरी मला काळजी लागते, की आता हे लोक आपल्याला जायला सांगणार असतील.

त्या टोल्याजवळ रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदारानं माझी सोय एका विधवा बाईच्या घरी केली. घरात ती आणि तिचे दोन मोठे मुलगे. धानाची शेती, मोहाच्या दिवसांत मोह, उन्हाळ्यात तेंदूपानं. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप चढला. त्या बाईनं मला ओसरीवरून उचलून आत घेतलं. किती दिवस गेले मला माहीत नाही. डोळे उघडले की ती आंबिलीची वाटी घेऊन बसलेली दिसायची आणि मी पडल्या पडल्या म्हणायचो, "बाई, तुम्हाला फार त्रास झाला."

ती म्हणायची, "बोलून नको राहू. पी."

बरा झालो, कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो आणि नेहमीसारखा अंगणात थांबलो. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोनाची वाट पाहून राह्यला? तो दगड काय बैलाइसाठी ठेवला का?"

मी दगडावर उभा राहिलो. पाय धुतले, बराच वेळ धुतले. वर तोंड करून आत कसं जायचं ते कळेना. त्या दिवसापासून तिला मी माय म्हणायला लागलो.

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं. ती शेजारच्या टोल्यावरची. पोंभुर्ण्याला अगरबत्तीच्या कामाला जायची, आणि एसटी धरायला तिला माझ्याच रस्त्यावरून चालावं लागायचं. पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली ती अशी: "ओ रोलरवाले भाऊ, सकाळी गेली तईं तुमी त्या पळसापाशी होते. आता आली त पळसापाशीच. मानूस आहा का कासव?"

मी म्हणालो, "रस्ता पक्का व्हायला वेळ लागतो."

"मंग आमच्या नातवाइले कामी येईन," असं म्हणून ती हसत गेली. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या एसटीच्या वेळेला पळसापाशीच असायचो. पुढं बोलणं वाढलं. तिच्या अंगाला अगरबत्तीचा वास असायचा आणि ती चिडली की तो वास मला जास्त यायचा. आम्ही दोघांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात नवं खाण्याचा दिवस आला. नवं धान आधी देवाला दाखवतात, मग घरचे लोक खातात, तोवर त्याला कुणी हात लावत नाही. मायचं घर थोरलं, म्हणून भाऊबंदांची सगळी घरं तिच्याकडे जमायची. त्या मुलीचं घरही आलं होतं. मला वाटलं, ओळखीचे असतील. आतल्या खोलीत देवाच्या कोपऱ्यासमोर पंगत बसली. मी बाहेर ओसरीवर, येतील त्या पाहुण्यांत बसायच्या तयारीनं होतो. माय दारात आली. "तू तिकडं काऊन? आत ये." आणि माझं मनगट धरून तिनं मला तिच्या दोन मुलांच्या मधे बसवलं. पानावर नव्या तांदळाचा भात वाढला. तिनं देवाकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, त्यात माझं नाव आलं.

मी कृतज्ञतेनं इतका भरून गेलो होतो की समोर मुलींच्या पंगतीत ती बसली होती, तिचा चेहरा कसा झाला, हे मला दिसलंच नाही. मी भात खाल्ला. सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पळसापाशी ती थांबली नाही. मी मशीन बंद करून मागे धावलो.

"काऊन बसला त्या पंगतीत?"

"मायनं बसवलं."

"मायनं बसवलं अन् तू बसला! विचाराले तोंड नव्हतं का? आमी कितीचे आहो माहीत आहे का तुले?"

"कितीचे म्हणजे?"

मग रस्त्यातच तिनं मला सांगितलं. त्यांच्यात आडनावावरून देव मोजतात. कुणी चार देवाचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. आडनावं वेगळी असली तरी देव सारखे असले की ते एकमेकांचे भाऊ. मायचं आडनाव एक, हिचं दुसरं, पण दोन्ही घरं सहा देवाची. आणि घरच्या देवासमोर, मुलांच्या पंगतीत बसून ज्यानं नवं खाल्लं, तो त्या घरचा.

"काल सकाळपावतर तू कोनीच नव्हता," ती म्हणाली. "तेच बरं होतं. आता मी तुही बहीण झाली."

एसटी आली, ती गेली. मी रोलरवर चढलो आणि त्या दिवशी एकाच तुकड्यावरून इतक्या वेळा फिरलो, की मुकादमानं विचारलं, "काय रे, जमिनीत गाडतोस का रस्ता?"

आतापर्यंत मला भीती असायची की कुणी आपलं म्हणणार नाही. आता म्हटलं होतं, तर त्याचंच ओझं. रस्ता रोज थोडा पुढं सरकत होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो संपणार आणि ठेकेदार मला दुसरीकडे पाठवणार हे पक्कं होतं. धान कापून झाल्यावर तिनंच तिच्या बापाच्या कानावर घातलं, आणि एका दुपारी मोहाच्या झाडाखाली दोन्ही टोल्यांची जाणती माणसं बसली. सगळ्यांत मोठा एक म्हातारा होता, त्याला सगळे आजा म्हणायचे. माय एका बाजूला, गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती.

आजानं मला विचारलं, "तू मुळात किती देवाचा?"

"आम्ही एकच देव मानतो."

"एकच?" त्यानं शेजारच्याकडे बघितलं. "एकाचे आमच्यात नाई. बरं. तुह्या आडनावाचे लोक किती?"

"लाखांनी असतील, आजा. साता समुद्रापलीकडे सुद्धा." आणि मग, मला वाटलं हीच वेळ आहे, मी माझी माणसं बाहेर काढली. पंतप्रधान सांगितला, कप्तान सांगितला, मुष्टियोद्धा सांगितला. घाबरलो की मी फार बोलतो. दरोडेखोर तेवढा गाळला. सगळे ऐकत होते, कुणी हसलं नाही.

"मंग हे सारे तुहे भाऊ?"

"नाही, तसं नाही."

"काऊन नाई?"

"ओळख कुठं आहे?"

"ओळखीचं कोन पुसून राह्यलं? सिरोंच्याकडून कोनी आला अन् सहा देवाचा आहो म्हनला, त मी कुठी त्याले ओळखतो? पन घरात झोपवतो. अन् त्याले पोरगी देत नाई. तुह्या त्या लोकाइत आपसात लगन होते का?"

मला ती नटी आठवली. तिचा नवराही त्याच आडनावाचा होता. मला खोटं बोलता आलं असतं, पण सुचलं नाही. "होतं," मी म्हणालो.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा! लगनाले अडत नाई, मरनाले येत नाई, मंग असं आडनाव ठेवता कायले?"

आता सगळे हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. इतकी वर्षं मी ज्यांच्या भरवशावर झोपी जात होतो त्यांच्यातलं कुणी माझ्या वडिलांच्या मातीला आलेलं नव्हतं, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. आमच्या गल्लीतलेच लोक आले होते, सगळे वेगवेगळ्या आडनावांचे.

आजानं हात वर केला. "आयक. या घरात बसून तू पोरगी मागू शकत नाई. इथी बसशील त भाऊ. मागाची असन त बाहेरून ये, अन् तुह्या आडनावाचं एक तरी मानूस संगं आन. तो परधानमंत्री आला तरी चालते, कोंबडा कापू. पन त्याच्या आंधी..." तो मायकडे वळला. "जिनं बसवलं, तिनंच उठवाले पायजे. आमी कोनी उठवू शकत नाई."

माय उठली, लुगड्याची माती झटकली, घरी गेली आणि चूल पेटवली.

मी भावाला फोन केला. तो पुण्याला टेम्पो चालवतो. म्हणाला, "आधी तिला चर्चमध्ये आण, मग बघू. आणि तिकडं जंगलात मी येणार नाही." मी पुन्हा फोन केला तर त्यानं उचलला नाही. त्याला दोष देत नाही. पण माझं आडनाव लावणारं जवळचं माणूस तेवढंच होतं.

मग भद्रावतीचे काका आठवले. मागं एकदा नाताळाच्या सुमारास मी चंद्रपूरच्या चर्चमध्ये गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर पाद्रीसाहेबांनी कसल्याशा कामासाठी आमचं आडनाव पुकारलं आणि आम्ही दोघं उभे राहिलो. पलीकडच्या बाकावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" मी नगर म्हणालो. त्यांचे आजोबा रेल्वेत, मद्रासकडचे. आडनाव कुठून आलं त्यांनाही ठाऊक नव्हतं. "म्हणजे आपण एकमेकांचे कोणी नाही," ते म्हणाले. "कोणी नाही," मी म्हणालो, आणि त्यांनी मला चहा पाजला. कारखान्यातून निवृत्त होऊन ते भद्रावतीतच राहिले होते. बायको गेलेली, मुलगी परदेशात.

रविवार बघून चंद्रपूरहून एसटीनं त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. सांगताना दोनदा पाणी प्यालो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी कोण म्हणून येऊ?"

"आडनाव म्हणून."

"नुसतं आडनाव?"

"त्यांना तेवढं चालतं, काका."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "निवृत्तीच्या दिवशी कोट शिवला होता. त्यानंतर घालायला निमित्तच मिळालं नाही." एवढंच. येतो म्हणाले नाहीत. पण मी निघताना त्यांनी विचारलं की तिकडं थंडी फार असते का.

खरी अडचण भद्रावतीत नव्हती, घरात होती. माय पूर्वीसारखीच वागत होती. सकाळी भाकर बांधून द्यायची, संध्याकाळी माझ्या पानात आधी वाढायची. भद्रावतीला कुणाकडे गेलो होतो ते मी तिला सांगितलं, तेही तिनं नुसतं ऐकून घेतलं; त्या विषयावर एक शब्द नाही. मी दगडावर पाय धुवायचो आणि मनात म्हणायचो, हा शेवटचा का? मग म्हणायचो, शेवटचा नको. मग ती मुलगी आठवायची. विचारायचं धाडस होत नव्हतं, कारण काय मागणार होतो मी तिच्याकडे? मला आपला मुलगा समजू नका, असं? ज्या हातानं आंबील पाजली तिला?

एकदा तिच्या थोरल्या मुलानं विषय काढला. आम्ही कुंपणाला काट्या बांधत होतो. म्हणाला, "माय तुले काई म्हननार नाई. तू बी काई म्हनू नको. तिले एक पोरगं आंधी गेलं आहे, आमच्या मधलं. तुले जिथी बसवलं ना, ती त्याची जागा होती."

मी काटीच्या जागी स्वतःचा अंगठा बांधला.

रस्त्याचा शेवटचा तुकडा सुरू झाला तेव्हा एका सकाळी भाकर हातात देताना माय म्हणाली, "त्या भद्रावतीवाल्या मानसाले कोंबडं चालते का?"

"चालतं, माय."

"मंग आयतवारी बोलाव. अन् तू बी आदल्या दिवशी जाय त्याच्याकडं. त्याच्या संगंच ये. फाट्यावरून चालत ये, रोलरवर बसून नको येजो."

मी भाकर घेऊन तिथंच उभा राहिलो. ती म्हणाली, "जाय आता, उशीर होऊन राह्यला." आणि पाठ वळवून चुलीत फुंकर घालायला लागली. चूल चांगली पेटलेली होती.

रविवारी आम्ही दोघं एसटीतून फाट्यावर उतरलो. काकांनी कोट घातला होता, हातात संत्र्यांची पिशवी. वाटेत ते म्हणाले, "मला काय काय विचारतील?" मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, पण मी म्हणालो, "किती देवाचे ते विचारतील. एक म्हणा." माझाच रस्ता होता तो, एकसारखा, गुळगुळीत, आणि मला त्यावरून नीट चालता येत नव्हतं.

आजा आणि मुलीचा बाप मायच्या अंगणातच बसले होते. ती मुलगी आत होती; दाराआडून तिच्या बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी तिला दटावलं.

आजानं काकांना विचारलं, "तुमी याचे कोन?"

काका प्रामाणिक माणूस. म्हणाले, "तसा कोणी नाही. आडनाव एक आहे."

"किती देवाचे?"

"एक."

"हा बी एकाचा. तुमी बी एकाचे. आडनाव बी एक." आजानं बोटं जुळवून दाखवली. "मंग कोनी नाई कसे? तुमी याचे मोठे बाप."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याही फोटोत पाहिलेलं नव्हतं, पंतप्रधानाच्याही नाही. त्यांनी कोटाचं बटण लावलं, उघडलं, परत लावलं. मग खाकरून म्हणाले, "तर आमच्या मुलासाठी तुमची मुलगी मागायला आलो आहे."

आमच्या मुलासाठी. ते शब्द ऐकताना मी अंगणात उभा होतो, आणि सवयीनं पाय दगडाकडे निघाले. तेवढ्यात माय घरातून बाहेर आली. हातात लोटा. आधी तिनं काकांना दिला. परत आत गेली, दुसरा भरून आणला, आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. पदर डोक्यावरून घेतला होता, पाहुण्यासमोर घेतात तसा.

"घ्या," ती म्हणाली. मला, घ्या.

मी लोटा घेतला. पाय धुतले. पाणी सांडलं, अर्धं चपलांवर गेलं. मुलीचा बाप हसून म्हणाला, "जावई हातानं रस्ता बनवते, लोटा नाई धरता येत." सगळे हसले. मायही हसली, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आता आम्ही पोंभुर्ण्याला राहतो. रस्त्याची कामं आसपास मिळतात. मोबाइलवर मी माझ्या आडनावाची मोठी माणसं आता शोधत नाही. नाताळात भद्रावतीला जातो, मोठ्या बापाकडे. बायको त्यांना तोंडावर विचारते, "कोट कपाटात ठेवाले शिवला का?" आणि ते तो घालतात.

नवं खायच्या दिवशी मायकडे जातो. सहा देवाच्या सगळ्याच घरांचा मी आता जावई, म्हणून ओसरीवर जावयांच्या पंगतीत बसतो. मला आधी वाढतात, आग्रह करतात, आतल्या खोलीत मात्र मी जायचं नसतं. आत तिचे मुलगे बसलेले दारातून दिसतात, मधे जरा जागा सोडून. तिला हाक काय मारायची ते अजून ठरलेलं नाही. सासू म्हणवत नाही, माय म्हटलं तर बायको दंडाला चिमटा काढते. म्हणून हाक न मारताच बोलतो.

आणि दर वेळी अंगणात शिरलो की माझे पाय आपोआप रांजणाकडे वळतात. ती दारातून ओरडते, "तिकडं कुठी? थांबा तिथीच."

मी थांबतो. ती लोटा भरायला आत जाते.